बाबांच्या चपला रांगेत

बाबा,

चपला शोधू नका. चौकातल्या शाळेत हृदयतपासणीचं शिबिर आहे, तिथे त्या शिंपीकाकांच्या मागे रांगेत आहेत. मी शेजारी उभा आहे. बुटांच्या कपाटाला कुलूप घातलंय.

“मला काय धाड भरलीय?” हे तुमचं उत्तर पाठ आहे. पण जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून तुम्ही शेजाऱ्यांची कुंडी न्याहाळता ना, त्यातलं रोप कधीच वाळून गेलंय. रोज नुसत्या मातीकडे बघत धापा टाकणारा माणूस मला ठणठणीत वाटत नाही.

आईच्या सपाता घालून या, अनवाणी या, पण या. ओरडायचं ते रक्तदाब मोजून झाल्यावर ओरडा. नाही आलात, तर डॉक्टरांना चपला तपासायला लावीन. शिबिर उद्याही आहे, आणि हट्टीपणात मी तुमच्यावरच गेलोय.

– धाकटा