शुक्रवारची उसळ

वाशीम

बाबा, प्रभूच्या नावानं सलाम.

तुमी रागवसान म्हणून हे पत्र माह्या पेटीतच राहीन.

परीक्षेपायी गुड फ्रायडेले घरी येता आलं नाही. तुमी फोनवर सांगतलं होतं, संध्याकाळच्या प्रार्थनेपावतर पाण्याशिवाय काही घ्याचं नाही. दुपारपावतर मी पाळलं.

माहं ताट तसंच परत गेलं, ते होस्टेलच्या मेसवाल्या रंगूबाईनं पाह्यलं. पोरीले उपास असन, असं समजून तिनं माह्या एकटीसाठी साबुदाण्याची उसळ केली आन् खोलीवर घेऊन आली. तिच्या घरी उपासाले कोणी उपाशी राह्यत नाही.

"कोन्त्या देवाचा उपास हाय व माय?" तिनं इचारलं.

एक गोष्ट तुमाले कधी सांगतली नाही, बाबा. होस्टेलात दोन वर्षं झाली, जेवाच्या आधी मी डोये मिटत नाही. पोरी काय म्हणतीन म्हणून मनातल्या मनात आमेन म्हणते. पण तिच्या हातातलं गरम ताट पाहून तोंडातून निंगालंच, "येशूचा."

रंगूबाई काळजीनं ताटाकडे पाहून बोलली, "त्याले चालते काय साबुदाना?"

"चालते," म्हणलं मी. डोये मिटून मोठ्यानं प्रार्थना केली आन् सगळी उसळ खाल्ली.

रिकामं ताट उचलताना ती म्हणे, "पुढचा उपास कवा हाय ते आधी सांगजो. भगर आणून ठेवतो."

तुमची उपास मोडलेली,
रीता