पुसलेला चष्मा

योगिनी,

तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात निघतोय. वर्तकनगरला आक्काकडे जातोय, दुपारी जेवायला माझी वाट बघू नका. तोंडावर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

रविवारी तू कागद पुढे करून म्हणालीस, "बाबा, इथे सही करा." मी पाहुण्यांदेखत म्हणालो, "माझं बाळकुमचं घर नावावर करून घेताय वाटतं?" तेव्हापासून तू माझ्याशी कामापुरतंच बोलतेस. आणि सोमवारपासून माझा चष्मा मात्र रोज सकाळी लख्ख पुसलेला! मला वाटलं, आता गोडीगुलाबीने सही काढून घेण्याचा बेत दिसतोय.

म्हणून आज दिवाणावर झोपेचं सोंग घेऊन पडलो. तू आलीस, ओढणीने काचा पुसल्यास. मग चष्मा स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर चढवून, आरशात बघत, थेट माझ्या आवाजात म्हणालीस, "कसली सही? आधी वाचू दे!" हसू दाबताना मला ठसका लागला आणि तू पळालीस.

तू गेल्यावर पडल्या पडल्या विचार केला. मला फसवायचं असतं, तर तू चष्मा मळकाच राहू दिला असतास.

उठून कागद वाचले. माझ्याच आजारपणाच्या विम्याचे निघाले. सही करून ओट्यावर ठेवलेत. रविवारी चुकलं माझं. आणि चष्म्याबद्दल, पोरी, बरं वाटलं.

फक्त पुसलेल्या काचांतून एक दिसलं, त्या कागदांत माझं वय दोन वर्षांनी वाढवलंय. ते का, एवढं संध्याकाळी सांग.

बाबा