वेलीचा कोरा कोपरा

अझैबा, मस्कत
१२ डिसेंबर २०१४

तीर्थरूप सदूकाकांच्या पायांशी प्रतापचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? काकी बरी असेल. (माझ्यावरचा राग कसा आहे ते विचारत नाही. चार वर्षांत त्याला साधं पडसंही झालेलं नाही, असं काकीकडून कळतं.)

कोरीवकामाला आता कुत्रंही विचारत नाही, असं आपल्याला तोंड वर करून सांगून मी इथे आलो आणि लोकांच्या स्वयंपाकघरांत सनमायक्याची कपाटं बसवू लागलो. गेल्या आठवड्यात अर्बाबने (म्हणजे मालकाने) मला इथल्या मत्रा बंदरातून खसबला जाणाऱ्या क्रूझवर धाडलं. दिवसभर बघायला नुसतं पाणी, म्हणून प्रवाशांसाठी 'ओमानची प्राचीन कोरीवकला' ठेवली होती. कलाकार आमचा अहमद, पाच पिढ्या लग्नाच्या पेट्या कोरणाऱ्या घरातला. मी फळ्या उचलायला. पण अहमद पडला निझव्याचा, डोंगरातला. जहाज धक्क्यावरून सुटलं आणि पाचही पिढ्या आडव्या झाल्या. त्याने बादली जवळ ओढली, स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "यल्ला प्रताप, तुम बैठो. हाथ तो कारीगर का है ना?"

मला येते ती एकच वेल, आपल्या देवघराच्या चौकटीवरची, आपण कान पिळून शिकवलेली. पेटीच्या झाकणावर तीच काढली. गोरी मंडळी माना डोलावत होती. पहिल्या रांगेत पुण्याच्या मधुवंतीबाई होत्या. (नाव गळ्यातल्या कार्डावर.) त्यांनी यजमानांना सुनावलं, "बघा, याला म्हणतात परंपरा. आपल्याकडे आहे का कुणाला एवढी चिकाटी?" मी ओमानी असल्यामुळे गप्प बसलो.

पंचाईत कोपऱ्यावर झाली. वेल कोपऱ्यात कशी वळवायची, हे आपण ज्या दिवशी शिकवणार होतात, त्या दिवशी मी पासपोर्टच्या फोटोसाठी कणकवलीला पळालो होतो. म्हणून कोपरा कोराच ठेवला. गाइडबाईंनी कारण विचारलं. नजर लागू नये म्हणून सोडतात, जुनी रीत आहे, असं मी ठोकून दिलं. संध्याकाळपर्यंत ती रीत माइकवरून तीनदा सांगून झाली आणि झाकण कप्तानाच्या खोलीत लागलं.

आपला आज्ञाधारक (आता तरी),
प्रताप

ता. क. जहाजवाल्यांना आणखी सहा झाकणं हवी आहेत, सगळी कोऱ्या कोपऱ्याची. अर्बाब खूश आहे.

ता. क. २. पटाश्या भंगारात देणार आहात, असं काकी म्हणाली. देऊ नका. त्या कोऱ्या कोपऱ्याला टाळ्या पडल्या तेव्हा मला फार लाज वाटली, काका. एप्रिलमध्ये रजेवर येतो आहे. कोपरा शिकवा. गुडघा दुखत असेल तर खाटेवरूनच सांगा, मी खाली बसेन. कान मात्र आपल्या हाताला येईल एवढ्याच अंतरावर.