विहीर वर राहिली

शिरूर, १६ मे १९७३

आज कौसाबाईंना खरं सांगितलं. सांगायला नको होतं का?

दुष्काळी कामावर पाझर तलावाचा बांध घालतोय. साठलेलं पाणी जमिनीत मुरायचं आणि खालच्या विहिरी भरायच्या, एवढाच त्याचा उपयोग. कौसाबाई बौद्धवाड्यातल्या, चार महिने इथं माती वाहतायत. दुपारी पाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "सायेब, आमच्या हिरीला पाणी कवा लागंल?"

"नाही लागणार. पाझर खाली जातो. तुमची विहीर वर राहिली."

वर राहिली! जशी काही आपोआपच राहिली. माझ्या पहिल्या आखणीत बांध त्या विहिरीच्या वरच्या अंगाला होता. सरपंचांनी तो आपल्या मळ्याजवळ खाली ओढला आणि नव्या नकाशावर सही मी केली. का केली? बदलीची भीती, दुसरं काय.

"तुमाला ह्ये आदीच ठावं व्हतं?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पाटी उचलली. पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. हजेरी बुडवून कसं चालेल?

बांध आता हलायचा नाही. उद्यापासून मी खुटबावचं काम मागून घेतलं आहे. तिथं मला अजून कुणी ओळखत नाही.