चौदा कुंड्यांचा जाब

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे. पण क्षेम नाही, म्हणून लिहीत नाही. ताई, तू आठ दिवस आईला भेटायला आली होतीस की आमच्या घरावर जप्ती घेऊन? मी घड्याळांचं दुकान बंद करून घरी येतो तर चौदाच्या चौदा कुंड्या गायब, आणि तूही पसार. आई म्हणाली, ताईने इस्पितळाच्या गाडीत घालून नेल्या. तू मोठी हेडनर्स असशील, वॉर्डात लोक तुला बघून चळाचळा कापत असतील, पण आमचं घर म्हणजे तुझा वॉर्ड नव्हे.

तू आईला सांगितलंस म्हणे, झाडं रात्री खोलीतली हवा खातात. मी मुद्दाम नर्सरीवाल्याकडे जाऊन विचारलं. तो हसायलाच लागला. चौदा कुंड्या मिळून घेतात त्याच्या कितीतरी पट हवा शेजारी झोपलेला एक माणूस घेतो, म्हणाला. त्या न्यायाने आधी मला घराबाहेर काढायला हवं होतंस; मी वर घोरतोही.

आता चेष्टा बाजूला ठेवून लिहितो. झाडं गेल्यापासून आई पलंग सोडत नाही. एरवी माझ्या आधी उठून घरभर फिरायची, प्रत्येक झाडाच्या पानांवरून हात फिरवायची. आता मी हाताला धरून नेलं तरच न्हाणीघरात जाते. गुरुवारी एकटी निघाली आणि पॅसेजमधल्या कपाटावर आपटली. कपाळाला टेंगूळ आलंय. किती जीव होता तिचा त्या झाडांवर! ती खंगत चालली आहे आणि त्याला तू जबाबदार आहेस. कुंड्या परत पाठव.

लोभ आहे म्हणूनच राग आहे. त्यातला कुठला वाढवायचा ते तू ठरव.

तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. (लायकी नसताना.)

तुझं पत्र वाचून माझंच ब्लडप्रेशर मोजायची वेळ आली. जप्ती काय, पसार काय! चोराच्या उलट्या बोंबा. तुमच्या घरात दर दाराशी एक कुंडी. न्हाणीघराच्या तोंडाशी रबरप्लांट, स्वयंपाकघराच्या दारात पानओवा, ओट्याच्या कडेला काटेरी कोरफड आणि पॅसेजच्या भिंतीवर सुतळी बांधून चढवलेला मनीप्लांट. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या वाटेत ही अडथळ्यांची शर्यत कोणी मांडू देतं का? आठ दिवसांत मी दोनदा ठेचकाळले. तुला कसं दिसणार? तुझी मान सकाळी दहाला घड्याळात जाते ती रात्री आठला वर येते.

हवेचं ते मला आमच्या जुन्या मेट्रनबाईंनी शिकवलं होतं. परवा इथल्या डॉक्टरांना विचारलं, तर तेही तुझ्या नर्सरीवाल्याचीच री ओढायला लागले. बरं, तिथे मी चुकले. तेवढंच. कुंड्या मी बाहेरच्या पेशंटांच्या हॉलमध्ये ठेवल्यात, आणि लिहायला जिवावर येतं, पण नंबरासाठीची भांडणं कमी झाली आहेत. लोक पानओव्याचं पान चुरगाळून वास घेत बसतात. तेव्हा परत मागू नकोस.

आणि टेंगूळ म्हणे दुःखाने आलं! दुःखाने माणूस रडतो, कपाटावर आपटत नाही. आईचं वय झालंय, तोल जातोय. तू दिवसभर दुकानात आणि ती घरात एकटी, हे मला यापुढे चालायचं नाही. एक तारखेला गाडी घेऊन येते आणि तिला कायमची माझ्याकडे आणते. तिचे कपडे भरून ठेव. वाद नको.

माया आहेच, पण उत्तर नीट दे.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

चि. ताई आणि चि. धाकटा,
दोघांना एकातच आशीर्वाद. वेगवेगळे द्यावेत असं दोघांचंही वागणं नाही.

मी सांगतेय आणि शेजारची शिंपीणबाई लिहून घेतेय. एकाच पत्राच्या दोन प्रती करते आहे बिचारी. एकही शब्द गोड करायचा नाही अशी तिला तंबी दिली आहे. ताईचं पत्र तिनेच मला वाचून दाखवलं आणि धाकट्याने काय लिहिलं होतं ते त्याच्याकडून वदवून घेतलं.

कुंड्या कोणाच्या? माझ्या. कपडे कोणाचे भरायचे? माझे. मग मला कोणी विचारलं? तुम्ही दोघं माझी वाटणी केल्यासारखे भांडताय आणि मी इथे जिवंत बसलेय.

आता ऐका. मला दिसत नाही. उजेड आणि अंधार कळतो, बाकी सगळं धुकं. दोन वर्षं झाली. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. शिंपीणबाई मला दवाखान्यात नेते, रोज थेंब घालते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण ताईने त्याच दिवशी गाडी आणली असती.

ती झाडं म्हणजे माझी हौस नव्हे, माझी वाट आहे. हाताला जाड गुळगुळीत पान लागलं की न्हाणीघर आलं. पानओव्याला अंग घासलं की वास सुटतो, मग ते स्वयंपाकघर. कोरफडीचा काटा सांगतो, पुढे शेगडी आहे, हात आवर. पॅसेजमध्ये मनीप्लांटची पानं मोजत जायचं आणि बाविसाव्याला वळायचं. वेल शेंड्याला वाढते, म्हणून मागची मोजणी चुकत नाही. पलंगाशी जांभळ्या पानांचं झाड होतं, ते दिवस मावळला की पानं मिटून घेतं. धाकट्या, तुझी घरभर घड्याळं टिकटिकतात, पण मला वेळ ते झाड सांगायचं.

ताई, तू कुंड्या नेल्यास तेव्हा मी जागी होते. नको म्हटलं असतं तर का नको तेही सांगावं लागलं असतं, म्हणून तोंड मिटून पडून राहिले. पण तुम्हा दोघांची कमाल आहे! दिव्याखाली अंधार तो हाच. एक जण डोळ्याला भिंग लावून केसाएवढी चाकं बघतो, पण समोर बसून ताटात चाचपडणारी आई त्याला दिसत नाही. दुसरी रोज पन्नास जणांच्या डोळ्यांत बॅटरी मारते, आईच्या डोळ्यांत एकदाही बघत नाही.

मी कुठेही येणार नाही. माझ्या कुंड्या आणा.

तुमची,
अजून या घरातच असलेली आई

(शब्द सगळे त्यांचे आहेत. शेवटी रडल्या. ते लिहू नकोस म्हणाल्या होत्या, मी लिहिलं. शिंपीणबाई.)

२२ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शिंपीणबाईंनी हे मोठ्याने वाचावं आणि धाकट्याला शेजारी बसवावं.

तू बोललीस ते कमीच आहे. पण मलाही राग आलाय. दोन वर्षं! लेक नर्स, आणि थेंब घालायला शेजारीण? आधी तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर, आणि मग कोणावर चिडावं तेच कळेना.

काल मी डोळ्यांना फडकं बांधलं आणि तुझ्यासाठी लावून ठेवलेल्या खोलीतून निघाले. माझ्या मते ती आदर्श खोली होती. जमीन मोकळी, भिंती गुळगुळीत, वाटेत एक वस्तू नाही. हाताला काही लागेचना. माझ्याच घरात मी सहा पावलांत हरवले आणि नवऱ्याला हाका मारत उभी राहिले.

तेरा कुंड्या मिळाल्या. जांभळ्या पानांची कोणीतरी नेली. दुसरी घेताना नर्सरीत दिवस मावळेपर्यंत थांबले आणि पानं मिटलेली बघूनच पैसे दिले. मनीप्लांट मात्र मी काढताना ओढून तोडला होता. त्याची नऊच पानं राहिली आहेत. महिनाभराची रजा टाकली आहे. तेवढे दिवस त्या वळणावर मी उभी राहीन.

एक तारखेला गाडी येईल, ती कुंड्या घेऊन. कुठली कुठे ते तू सांगायचं, मी फक्त उचलायच्या. आई, मी तुला सांभाळायला नेणार होते. माझ्याकडे आली असतीस तर पहिल्याच दिवशी आंधळी झाली असतीस.

राग हवा तितके दिवस ठेव, दार मात्र उघड.

तुझी,
थोरली