अंडरसाइज बेअरिंगचा समास

गोरेगाव, जि. गोंदिया, भाद्रपद वद्य नवमी, २००३

श्रीमान खुमेंद्रभाऊ यांस,

भुवनेश्वरचा नमस्कार. तो दोन्ही हात जोडून केला आहे असे धरून चालावे. उजव्या हाताचे ग्रीस अजून निघत नसल्यामुळे डावा हात त्याला जोडून घ्यायला तयार नाही. तुमच्या गुडघ्याचे कसे काय? तिरोड्याच्या त्या वैद्याचे तेल लावत असाल तर जरूर लावा, पण त्याचा वास येतो असे तुमची बहीण म्हणते, आणि ती इथे गोरेगावात बसून म्हणते, यावरून तेल जोरदार असावे. इकडे सगळे ठीक आहे, म्हणजे माणसे ठीक आहेत. शाळेत रामः रामौ रामाः चालू आहे (चोवीस वर्षे झाली, राम तिथेच आहे, पोरे मात्र पुढे सरकतात). पितृपक्षामुळे रोज कुणाकडे तरी वडे आणि खीर असते आणि पितरांच्या निमित्ताने माझे वजन वाढते.

ठीक नाही ती गाडी. आमच्या परसरामदादाचा ब्याऐंशी सालचा ट्रक तुम्ही पाहिलेला आहे. एकवीस वर्षे दादाने त्यातून धान वाहिले; वहिनीशी जितके बोलला नसेल तितके त्या गाडीशी बोलला (वहिनींची याबद्दल तक्रार नाही). पोळ्यानंतर चार दिवसांनी कोहमाऱ्याच्या चौकात इंजिन ठोके देऊ लागले आणि एका ढाब्यासमोर बसले ते बसलेच. ओढून घरी आणले. श्यामलाल मिस्त्रीने इंजिन उतरवून अंगणात मांडले आणि तेव्हापासून आमच्या अंगणात तुळस आणि सिलिंडर ब्लॉक अशी दोन स्थाने झाली, ज्यांना पाय लागू द्यायचा नाही. दादाने सांगून टाकले आहे, दसऱ्याला गाडी चालती झाली तर झाली, नाहीतर एकादशीला भंगारवाला येईल. तसा शब्दच दिला आहे. तोंडाने म्हणतो, "लोखंडच हाय, त्याच्यात का हाय?" आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन इंजिन नसलेल्या त्या गाडीच्या सीटवर जाऊन बसतो. परवा त्याला गिअर टाकताना मी पाहिले. तिसरा होता.

आता यात संस्कृतचा मास्तर कसा शिरला ते सांगतो. क्रँक (इंजिनाच्या पोटातला तो वाकडातिकडा जाड दांडा, ज्याच्या जोरावर गाडी चालते) झिजला होता. गोंदियाच्या खरादवाल्याने तो लेथवर घासून वीस मापाने बारीक करून दिला. त्याच्यावर बसणाऱ्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या तेवढ्या आणायच्या होत्या. श्यामलाल म्हणाला, "गुरुजीले धाडा जी. शिकले-सवरले मानूस हायेत, चूक होनार नाही." खुमेंद्रभाऊ, माझ्यावर आजवर जितक्या आपत्ती आल्या त्या सगळ्या याच वाक्याने सुरू झाल्या आहेत. श्यामलालने बिडीच्या कागदावर लिहून दिले, मेन बेअरिंग, अंडरसाइज वीस. तो कागद घेऊन मी गोंदियाचा सगळा बाजार फिरलो. एकाने मॉडेल ऐकून हात जोडले. दुसरा म्हणाला, "इसका तो अब फोटोच मिलेगा, गुरुजी." तिसऱ्याने गाडी विकायची आहे का विचारले, आणि ती त्याला कशासाठी हवी हे विचारल्यावर म्हणाला, "मंगल कार्यालय के सामने खड़ी करेंगे." शेवटी एका गल्लीत नंदलाल सेठचे दुकान सापडले, जिथे माळ्यावर जुन्या मालाचे डबे होते आणि डब्यांवर सेठइतकीच जुनी धूळ.

सेठने वीसचा डबा काढला, पट्टीला माप लावले. पट्टी जाड! मी म्हटले, सेठ, कागदावर अंडरसाइज लिहिले आहे. अंडर म्हणजे कमी, न्यून. न्यून वस्तू नेहमीपेक्षा जाड कशी असेल? सेठ म्हणाला, "मोटीच तो चाहिए, गुरुजी." तेव्हा मी दुकानातल्या तीन गिऱ्हाइकांसमोर 'न्यून' या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली (एक जण मध्येच उठून गेला, तो इंजिनिअर असावा). सेठने वीसचा डबा बंद केला आणि दुसरा, मूळ मापाचा डबा काढला. त्यातल्या पट्ट्या पातळ निघाल्या. "आप पढ़े-लिखे हो. जो बोलोगे, वही बांध देता हूँ." मी विजयी मुद्रेने त्या घेऊन एसटीत बसलो.

श्यामलाल तेव्हा वडिलांच्या तिथीसाठी गावाला गेला होता. दादाला धीर निघेना. आम्ही दोघांनीच पट्ट्या बसवल्या, आणि त्या इतक्या अलगद बसल्या की दादाने माझी पाठ थोपटली. (अलगद बसल्या याचा अर्थ तेव्हा कळला नाही.) अंगणातच ठोकळ्यांवर इंजिन सुरू झाले. दादाचे डोळे भरून आले. अकरा मिनिटांनी पोटातून असा आवाज आला की तुमची बहीण आतून ओरडली, "माळ्यावरची भांडी कोन पाडून राहिला?"

श्यामलाल आला. उघडून पाहिले. पट्ट्या हातात घेतल्या, त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि दादा पाणी आणायला गेला तेवढ्यात हळूच म्हणाला, "गुरुजी, काऊन जी असं केलं? अंडर क्रँक हाय, बेअरिंग नाही. क्रँक बारीक झाला म्हून बेअरिंग जाड लागते."

खुमेंद्रभाऊ, मी ओट्यावर बसलो. हा तर बहुव्रीही! पीतांबर म्हणजे पिवळे वस्त्र नव्हे, ते नेसणारा. अर्थ समासातल्या पदांत नसतो, बाहेरच्या तिसऱ्यात असतो. अंडरसाइज बेअरिंग म्हणजे ज्याचा क्रँक न्यून ते. हे मी चोवीस वर्षे फळ्यावर लिहितो आहे आणि सातवीतून शाळा सोडलेल्या श्यामलालने ते पान्याने सोडवून दाखवले. क्रँकवर आता खोल चरे पडले आहेत. खरादवाला म्हणाला, "और घिसूँगा तो बेलन बनेगा." दुसरा क्रँक हवा, आणि नवा त्या मॉडेलचा निघत नाही.

पण मला झोंबते ते वेगळेच. दादाला वाटते, चूक त्याची. "पितरपाठात इंजिन सुरू कराले नाही पायजे होतं. बाबाले राग आला," असे म्हणून तो नागऱ्याच्या महादेवाला नारळ बोलला आहे. मी त्याला समास सांगितलेला नाही. रोज सांगीन म्हणतो आणि रोज तो सीटवर बसलेला दिसला की परत येतो. श्यामलालही सांगत नाही. फक्त हल्ली तो मला 'बडे मिस्त्री' म्हणतो.

बाकी सांगण्यासारखे काही नाही. वहिनींना माझा आदर कळवावा, गुडघ्याला जपावे.

अजून पुरता न धुतला गेलेला,
भुवनेश्वर

ता. क. दादा आता पितृपक्षात घरात नवे लोखंड येऊ देत नाही. जुन्या लोखंडाबद्दल शास्त्राने काहीही म्हटलेले नाही. मी शोधून पाहिले. तुमच्या घरामागे तुमच्या वडिलांची, म्हणजे आमच्या मामाजींची, गाडी ते गेल्यापासून नऊ वर्षे उभी आहे. तेच मॉडेल. मामाजींनी ती कधी घाईने हाकली नाही, तेव्हा क्रँक निरोगी असणार. मला ठाऊक आहे की तुम्ही तिला दर दसऱ्याला हार घालता आणि तिच्या एका बोल्टलाही कुणाला हात लावू देत नाही. गाडी जिथे आहे तिथेच उभी राहील, भाऊ. हार घालायला क्रँक लागत नाही. आमच्या दादाला लागतो.

दुसरे ता. क. जावयाने सासरी काही मागू नये असे तुमची बहीण म्हणते, म्हणून मी मागत नाही, कळवतो. पत्र घेऊन आलेले गृहस्थ म्हणजे श्यामलाल. त्याला माझे अक्षर लागत नाही. मी त्याला इतकेच सांगून धाडले आहे की, भाऊ वाचताना एकदा जरी हसले तर पान्यांची पिशवी उघड. नाही हसले तर चहा पी आणि साडेपाचची एसटी धर. तो पहिल्या ओळीपासून तुमच्या तोंडाकडे पाहत बसला असेल. आता जरा मान वर करून पाहा, तो समोर बसला आहे की घरामागे गेला आहे.