बोडीच्या शिफ्टा

मरोदा, भिलाई
२० मे २०२३

चि. कीर्तीस दौलतकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नीट भांडता येत नाही, म्हणून पत्र. निसर्ग कुठे काय देतो ते दाखवणारा तुझ्या ऑफिसचा नकाशा वॉर्डात लागला. त्यात आपल्या घरामागची बोडी, एवढं जुनं तळं, राखाडी रंगात! खाली ‘उपयोग नाही’ आणि तुझी सही. आता ती बुजवून पार्किंग करायचं म्हणतात.

तू मेच्या भर दुपारी आलीस, भेगाळलेला चिखल पाहिलास आणि चहाही न घेता पळालीस. पोरी, मी स्टील प्लांटात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर, चौतीस वर्षं काढली. दिवसाच्या जनरल शिफ्टला येऊन कुणी नाइटवाल्यांची गैरहजेरी मांडली असती तर? बोडीच्याही शिफ्टा असतात. श्रावणात ती पाणी जिरवते, म्हणून शेजारच्या बेबीताईच्या दारचा हँडपंप आज चालून राहिला. दिवाळीच्या सुमारास शिंगाडे देते. मला फार राग आला आहे. काकू मात्र तुझी आठवण काढते.

तुझा काका

रायपूर
२ जून २०२३

ती. काकांस कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. नकाशा त्या दिवसापुरता खरा, वर्षापुरता खोटा. ऑफिसात माझ्या साहेबांपुढे तसं कबूल केलं. त्यांनी वॉर्डाला लिहून वर्षाची मुदत मिळवली. आता प्रत्येक महिन्याचा वेगळा नकाशा करू. रोजची नोंद तुम्ही ठेवा. पण काका, बोडीच्या प्रेमापोटी दोन बदकांची वीस करू नका! एक खोटं सापडलं तर सगळंच जाईल.

राग ओसरला की कळवा. तोवरही माया कमी करू नका.

तुमची कीर्ती

मरोदा, भिलाई
१४ जून २०२४

चि. कीर्तीस अ. आ.

जिंकलो, पोरी! तुला काल सुट्टी मिळाली नाही, म्हणून सगळं सांगतो. वॉर्डाच्या सुनावणीत तुझे बारा नकाशे मी दोरीवर ओळीने टांगले. मेच्या नकाशात बोडी कोरडीच होती, पण हँडपंप निळा आणि त्याच्याकडे ऑगस्टच्या पाण्याचा बाण. बदकंही दोनच लिहिली होती, हो!

बेबीताईने उठून विचारलं, की हे पाणी मागच्या पावसात बोडीनं आमाले ठेवून दिलं, पार्किंग काय देईन? सगळे हसले. मग सुनावणी घेणाऱ्या मोठ्या साहेबांनी पार्किंगच्या ठेकेदाराला एवढंच सांगितलं, की कुणाचं काही न जाता बोडी बुजवता येईल असा एक महिना यातून दाखवा. तो जानेवारीपासून निघाला, प्रत्येक नकाशापाशी थांबत डिसेंबरपर्यंत गेला आणि परत जागेवर येऊन बसला.

बोडी राहिली. मी भर सभेत रडलो, लपवत नाही. आम्हा म्हाताऱ्यांवर असाच जीव राहू दे.

तुझा काका